शिंगरू ते शिंगरूच

तात्या मोहिते पुस्तक परत करताना टेबलावर ठेवत नसत, आपटत.

"घ्या, बाई. शिंगरू ते शिंगरूच!"

शिंगरू म्हणजे कादंबरीचा नायक. तात्यांची हयात संस्थानच्या पागेत घोड्यांना चाल शिकवण्यात गेली. संस्थान विलीन झालं, पागा मोडली आणि तात्या फूलबागेजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात येऊ लागले. इतिहास, चरित्रं यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. न्यायचे फक्त कॉलेजातल्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या प्रेमकथा.

वाचनालयाची व्यवस्था माझ्याकडे. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, कुणी त्यावर हळदीचे डाग पाडले, सगळं माझ्याकडे टिपलेलं. पांढऱ्या गलमिशांच्या विधुराला गुलाबी वेष्टनाची पुस्तकं कशाला लागतात? मला संशय आला. खोदून विचारलं.

"आता काय बिघडलं, तात्या?"

"पोरगी सुरुवातीला याच्यासाठी रडते. मध्यावर रडते. आणि हा? केस मागे फिरवतो! अहो, महिनाभर लगाम धरला तर खेचरसुद्धा शिकतं."

"शेवटी लग्न होतं की."

"होऊ द्या! बदलला कुठं तो? मला तर शक आहे, लिहिणाऱ्यानं जन्मात घोडा पाहिला नसेल."

एकदा मात्र पुस्तकाची मुदत टळली तरी तात्या फिरकले नाहीत. इतर वाचक माझ्या डोक्यावर बसलेले. दुपारी मी थेट त्यांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. आत तात्या मोठ्यानं वाचत होते आणि त्यांची सून कुसुम मटार सोलत ऐकत होती. तिचा नवरा, तात्यांचा एकुलता एक मुलगा, नवं राज्य झालं तेव्हा कचेरीबरोबर भोपाळला गेला. "घर मिळालं की नेतो," म्हणाला होता. त्याच्याबरोबर गेलेल्यांनी बायकापोरं कधीच नेली.

"अरविंद उंबऱ्यातच थांबला," तात्या वाचत होते. "म्हणाला, चूक माझी. तुला वाट पाहायला लावली. आता सामान बांध, मी न्यायला आलोय."

मी चपापले. ते पुस्तक मी वाचलं होतं. त्यातला अरविंद शेवटच्या पानावरही चंद्राकडे बघत स्वतःबद्दलच बोलतो. मी नीट पाहिलं. तात्यांची नजर पुस्तकावर नव्हतीच.

मला पाहून कुसुम दाराशी आली.

"त्यांना काही बोलू नका, बाई," ती पुटपुटली. "ते फिरायला गेले की पुस्तक मी आधीच वाचून काढते. पण शेवट मामंजींचाच ऐकते."

मी रिकाम्या हातानं परतले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक धप्पकन टेबलावर आलं.

"शिंगरू ते शिंगरूच!"

तात्या निघाले, दारापर्यंत गेले, पुन्हा वळले.

"एखादा खरंच सुधारणारा असेल तर बघून ठेवा ना, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "दर वेळी मला जमत नाही."