थरथरणारं बोट अर्धं

आमचे दाजी प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण देतात. चहाला, दूधवाल्याला, उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या नळालासुद्धा. "धार बरी, पण उशीर लई. दोन." देवगाव रंगारीच्या शाळेत जन्मभर पेपर तपासले, त्याची ही खोड.

पाचच का, तर त्यांची बायको, माझी धाकटी बहीण शांता. अकरा वर्षं तिला कंपवात आहे; आता बोलणंही गेलं. रोज संध्याकाळी दाजी तिच्यापुढं उभे राहतात. "बोला बाई, आजची सेवा कशी झाली?" ती एका हाताची बोटं वर करते. दाजींचा नियम कडक: थरथरणारं बोट अर्धं धरायचं. त्यामुळं अडीचच्या वर त्यांना क्वचितच मिळतात. ते गुण लाल पेन्सिलीनं कॅलेंडरवर चढतात.

हे सांगून मी चारचौघांना पुष्कळ हसवलं. एक गोष्ट मात्र दडवली.

गेल्या वर्षी दवाखान्याची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. घरच्या आजाऱ्याला सांभाळणारे किती समाधानी आहेत, ते मोजत होती. ज्यांना कुणाचा हातभार नाही, त्यांच्याकडं आठवड्यातून दोनदा मदतीला बाई पाठवणार होते. दाजी औषधाला शहागंजला गेलेले. मी सहा महिन्यांनी सहज टेकलो होतो.

"दुसरं कुणी मदत करतं का, काका?"

मी सख्खा भाऊ. नाही कसं म्हणू? "मी येतो की!"

"आणि समाधान?"

"पाचपैकी पाच लिहा."

बाई आली नाही. दाजींना मी फॉर्मचं सांगितलंच नाही.

परवा त्यांच्याकडं जुनं कॅलेंडर हाती लागलं. वर्षभरात एकच पाच, तोही निळ्या शाईत, दाजींनी स्वतः दिवसाला दिलेला. खाली लिहिलं होतं, 'पावणं आले. तासभर बसले.' तारीख फॉर्मचीच होती.

मी तिथंच सगळं कबूल केलं. दाजी बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिले.

"माझा पेपर तुम्ही लिहिला, पावणं. आता तुमचा लिहा. मंगळवारी या, मला केस कापायचेत."

मंगळवारी दवाखान्यातून कोरा फॉर्म घेऊनच गेलो, या खेपेला दाजींनीच भरायचा. शांताला भरवलं, तिची कूस बदलली. निम्मी पेज तिच्या अंगावर सांडली. दाजी कटिंग करून आले.

"बोला बाई, भावाला किती?"

दोन बोटं वर आली. दोन्ही थरथरत होती.

दाजींनी कॅलेंडरवर लिहिलं, एक.

"पहिल्या पेपरला लई झाले," म्हणाले. "शुक्रवारी या."