ड्रमातली मोटर

थेरगावात खंडूतात्या बोटीच्या मोटरी दुरुस्त करतात. पाण्याने भरलेल्या निळ्या ड्रमात मोटर उभी करून चालू करतात, आणि ती चालू असेपर्यंत गल्लीत कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. समोरचा भाजीवालासुद्धा तेवढा वेळ बोटांनी भाव सांगतो.

माझी मोटर घेऊन गेलो तेव्हा मला घाई होती. चाकणच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाण्यापलीकडच्या वाडीत माझी बहीण राहते, दवाखाना अलीकडे. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. रस्त्याने दीड तास, माझ्या बोटीने वीस मिनिटं. पण दोरी ओढली की मोटर हाताला हिसका देऊन बंद पडायची.

"ठिणगी आधी पडतीया," तात्या म्हणाले. "पिष्टन वर यायच्या आत. तुमच्यावानी."

"उद्या पाहिजे."

"न्हाई."

"मग परवा सकाळी."

"ह्यो काय बाजार हाय व्हय?"

एका टेम्पोचे मी तीन केले ते आवाज चढवूनच. इथेही चढवला. तात्यांनी चार लोकांसमोर मला दंडाला धरून गल्लीच्या टोकाला नेऊन उभं केलं. "मोटर तुमची, कान माजं!" तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

लांबून बघत राहिलो. दोरीच्या चाकाखालची, ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट केसभर सरकवायची, दोरी ओढायची, स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक मोटरीला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे. मान हलवायची. पुन्हा केसभर. तीन दिवस हेच. शेवटी नीट चालली, तर म्हणाले, "ठिवा. गार झाल्यावं बगू."

चौथ्या दिवशी मोटर हातात पडली. त्याच आठवड्यात पहाटे बहिणीचा फोन आला. वाऱ्याने पाणी उसळत होतं. मोटर पहिल्या ओढीला चालू झाली. दुपारी दवाखान्यात मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

पेढे घेऊन गेलो. राग होताच, तरी वाकून पाया पडलो. तात्यांनी पेढा तसाच हातात धरला.

"बोटीत किती जन व्हता?"

"तिघं."

"बसत्यात किती?"

"पाच. का हो?"

"काय न्हाई. पानी पायाखाली हाललेलं कळतं म्हनं. कळतं का?"

"तात्या, तुम्ही कधी बसलाच नाहीत बोटीत?"

"मोटर न्यायला समदी येत्यात, भाऊ. मला न्यायला कोन येतंय?"

"उठा. शर्ट बदला."

तात्या आत गेले. थोड्या वेळाने दारातून डोकं बाहेर काढून त्यांनी हळूच विचारलं, "चपला भिजत्यात का?"