जावळाचे तीनशे बारा फोटो

"यंत्राले हसू समजते, पोरगं नाही समजत," असं गोपाळरावांनी सुनेला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. सुनेने, म्हणजे हिमानीने, ते वाक्य पोळीवरच्या जास्तीच्या पिठासारखं झटकून टाकलं. गोपाळरावांचा गांधीबागेत चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता, हे खरं. पण ते डोळा बारीक करून उजेड मोजत आणि एका फोटोसाठी इतका वेळ लावत, की हौसेने उभा राहिलेला नवरदेव फोटो निघेपर्यंत संसाराला कंटाळलेला दिसे!

हिमानीचं काम पक्कं. ती एम.एस्सी. झालेली, त्यातून पहिलंच लेकरू. पियूषच्या अंघोळीच्या पाण्यातही ती थर्मामीटर बुडवायची. जावळ एकदाच होतं, कापलेला केस पुन्हा चिकटत नाही, म्हणून तिने आपोआप वळणारा स्टँड मागवला. त्यावर मोबाइल लावायचा. समोर कोणी डोळे उघडे ठेवून हसलं, की स्टँड तिकडे मान वळवणार, मोबाइल तेवढाच चेहरा मोठा करून चौकटीत घेणार आणि स्वतःच फोटो काढणार. आठ दिवस तिने खुळखुळा वाजवून तालीम घेतली. पियूष हसला, की खट्! एकही फोटो हलला नाही.

रविवारी नंदनवनच्या घरी, अंगणात पाट मांडला. हिमानीचा भाऊ जितेंद्र भाच्याला मांडीवर घेऊन बसला. आत्या करिष्मा केस झेलायला पदर पसरून तयार. खाप्याहून घरचा जुना न्हावी नत्थू आला होता. पियूषच्या बापाचं जावळही त्यानेच काढलेलं. फोटोत कोणाचे हात यायला नकोत, म्हणून हिमानीने सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात गोळा केले आणि वर झाकण लावलं. गोपाळराव गळ्यात जुना रोलचा कॅमेरा घालून आले, तेव्हा त्यांनाही तिने खुर्ची दिली. "बाबा, तुम्ही आज आराम करा."

"आरामच करून राहिलो," ते म्हणाले आणि खुर्ची उचलून दोन हात डावीकडे नेऊन बसले.

नत्थूने कात्री उघडली आणि पियूषने भोंगा. जावळाला पोर रडतं हे अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे, एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात तेवढं राहून गेलं होतं. पण स्टँड वळत होता, खट् खट् आवाज येत होता. हिमानी पियूषच्या मागे उभी राहून वस्तऱ्यावर नजर रोखून होती आणि प्रत्येक खट्ला तिला हायसं वाटत होतं.

"ताई, हा रडून राहिला, तरी फोटो निघून राहिले," जितेंद्रने शंका काढली.

"भारीचा स्टँड आहे," ती म्हणाली.

डोकं तुळतुळीत झालं, ओवाळून झालं, पियूष रडून रडून झोपला. हिमानीने मोबाइल काढला. तीनशे बारा फोटो! पहिला उघडला. नत्थू. दुसरा उघडला. नत्थू. नत्थूला गुरुवारीच नवी कवळी बसली होती आणि तेव्हापासून त्याने तोंड मिटलेलं नव्हतं. डावीकडून हसणारा नत्थू, उजवीकडून हसणारा नत्थू. वस्तरा उगारून हसणारा नत्थू तर थेट पोलीस ठाण्यात लावण्यासारखा आला होता. एकशे सत्याऐंशी नंबरच्या फोटोत कोपऱ्यात एक कान होता. तो पियूषचा की जितेंद्रचा, यावर घरात दोन तट पडले.

नत्थूने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "दात लय सुरेख आले, सूनबाई. मले सगळेच पाठवजा."

हिमानी पाटावर बसली आणि पियूषने सोडलेला सूर तिने उचलला. रडता रडता तिला खुर्ची आठवली.

"बाबा, तुम्ही काढला?"

"दोन काढले. एक, पहिली बट पडली तेव्हा. दुसरा, तू त्याच्या मागं उभी होती तवाचा."

हा रोल फ्रिजमध्ये पियूषच्या तापाच्या औषधाशेजारी असायचा. मुदत संपलेली वस्तू म्हणून तिने तो एकदा केराच्या डब्यापर्यंत नेला होता. आज तिने वाकून सासऱ्यांना नमस्कार केला आणि हात पुढे केला. "दाखवा ना."

"दाखवा काय? रोल आहे तो, बेटा. धुवा लागते."

रोल धुण्यासाठी गोपाळरावांचा विश्वास साऱ्या शहरात एकाच माणसावर, बळीरामजींवर. गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागे त्यांची अंधारी खोली. औषधाचं पाणी किती गार आहे, हे ते बोट बुडवून सांगतात. मोबाइल बाळगत नाहीत. सोमवारी रोल दिला, गुरुवारपासून शटर बंद. पियूषला कडेवर घेऊन हिमानी चार खेपा घालून आली. शेजारचा दुकानदार "येतील" म्हणतो. कशावरून, ते सांगत नाही. गोपाळराव निवांत आहेत. अंधारात रोल सुखरूप राहते, म्हणतात. मोबाइल मात्र रोज सकाळी 'तुमचा सर्वात आनंदी क्षण' म्हणून न चुकता नत्थू दाखवतो.

तीन आठवडे झाले. पियूषच्या डोक्यावर पुन्हा मखमल उगवली. म्हणून हिमानीची तुम्हालाही विनंती आहे. गांधीबागेत जाणं झालं, तर चादरींच्या दुकानामागच्या बोळात हिरव्या शटरपाशी जरा थांबा, हाक मारा. बळीरामजींची सत्तरी उलटली आहे, एकटेच असतात. भेटले तर आधी तब्येत विचारा, चहा झाला का विचारा. रोलचं लगेच काढू नका, बरं दिसत नाही. दुसऱ्या वाक्यात काढा.