चैत्रालीने अंगठा सर केला, त्याची हकीकत

श्रीमारुतीरायांस दंडवत, ज्यांणी समुद्र उडोन पार केला, परंतु उडण्याआधी अंग झाडोन घेतले. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शुक्रवार, ते दिवशी एका शाळेच्या राज्यात चौथीच्या मैदानी मोठा रणसंग्राम जाहला, तो ऐकावा.

राज्यात शिर्के सर म्हणोन कवायतीचे सेनापती होते, गळा शिट्टी, आवाज नगाऱ्याऐसा, मन लोण्याचे, आणि त्यांचा दंडक ऐसा की गुडघे न वाकवितां ज्याची बोटे पायाच्या अंगठ्यास शिवतील त्याणे संमेलनात लेझीम खेळावी, आणि न शिवतील त्याणे मागे पुठ्ठ्याचे झाड धरोन उभे राहावे. आणि चैत्राली भोईटे, वय वर्षे नऊ, गेले साली झाड जाहली होती. आईने मोबाइल उंच धरोन चित्रण केले, त्यात फांद्यांआडोन नाक तेवढे दिसले, आणि आई म्हणाली, "किती गोड झाड गं माझं!" ते शब्द लेकीच्या जिव्हारी लागले आणि यंदा लेझीमच खेळणार ऐसा पण केला. परंतु अंगठा बोटभर दूर. रोज गार सकाळी प्रार्थना सुटतांच सर पाठीवर तळवा ठेवोन दाबीत, "अजून! अजून! लोखंड आहेस का गं?" आणि ती "आई गं!" करी, आणि अंगठा होता तेथेच राही. मग तिणे मनाशी मसलत केली की बोट काही वाढत नाही, नख वाढते, आणि दोन्ही मधल्या बोटांची नखे राखिली. नखांच्या तपासणीस चिकटपट्टी लावोन "बाई, लागलंय" म्हणावे आणि घरी "शाळेत लागलं" म्हणावे, ऐसे तीन आठवडे गड लढविला.

अंगठ्याच्या परीक्षेचे सकाळी वर्गाच्या कारभारीण मोने बाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांत बरं नाही झालं? दाखव बघू." पट्टी निघाली, नखे प्रकटली. "अगंबाई! ही काय घारीची नखं!" आणि नेलकटर चालले, दोन्ही वीर पडले, आणि वर मैदानास तीन फेऱ्यांची सजा जाहली. पहिली फेरी ती रडत धावली, दुसरी नाक पुसत, आणि तिसरीत रडणेच विसरली. मग लाल गालांनी, घामाघूम, तैसीच बूटमोजे काढोन परीक्षेस उभी राहिली. शार्दूल गुजर रांगेतोन ओरडला, "आला, वड आला!" सरांनी पाठीकडे हात नेला, तों चैत्राली म्हणाली, "सर, थांबा ना! आधी श्वास तर सोडू द्या." ऐसे आजवर कोणी बोलले नव्हते, म्हणोन सर थांबलेच. मग तिणे श्वास सोडिला आणि मांजर आळस देते तैसी सावकाश वाकली, आणि मधले बोट, नखावाचोन, अंगठ्यास शिवले आणि तेथेच टेकोन राहिले.

सर म्हणाले, "आज खाल्लंस तरी काय?"

"तीन फेऱ्या, सर."

मग सरांनी अवघ्या वर्गास पळविले आणि सावकाश वाकविले, तों कालपर्यंत हरत आलेल्या नऊंपैकी सहांनी अंगठे सर केले. सरांनी कपाळास हात लाविला, "वीस वर्षं मी गारठलेली पोरं दाबत आलो की रे!" आणि उरल्या तिघांस, रोज धावोन रोज थोडे वाकावे, ऐशी संमेलनापर्यंत मुदत दिधली. इतक्यात शार्दूल म्हणाला, "सर, आता तुम्ही!" सर वाकले, आणि हात गुडघ्यापाशीच अडले. तों "झाड! झाड!" ऐसा एकच गजर उठला. दंडक सरांचाच, मोडावा कोणी?

संमेलनी तिघेही लेझीम खेळले, चैत्राली पुढल्या रांगेत, आणि मागे एकच झाड, गळ्यात शिट्टी घातलेले. त्या रात्री तिणे आईस नखांचे कपट सांगितले, आणि आईने रागे न भरता दोन्ही बोटांचा मुका घेतला.

तात्पर्य, ते दिवसापासोन राज्यात पोरे आधी धावतात, मग वाकतात, आणि सरांचा हात पाठीवर पडतो तो शाबासकीपुरता.