नागनाथअप्पांचं लिंबू

औरादच्या बसस्टँडवर तुम्ही नवीन दिसलात, तर नागनाथअप्पा तुम्हाला नमस्कार करणार नाहीत. ते सदऱ्याच्या खिशातून एक लिंबू काढतील आणि तुम्हाला काही कळायच्या आत तुमच्या अंगावर फेकतील. तुम्ही ते झेललंत की जवळ येतील, लिंबू परत मागून घेतील, धोतराच्या सोग्याला पुसतील आणि विचारतील, "बापाचं नाव?" ते सांगितलं की, "त्याच्या बापाचं?" तेही सांगितलं की, "अन् त्याच्या?"

तिसऱ्या नावाला बहुतेक माणसं अडखळतात. मग अप्पा मान हलवतात. "पणजा ठावं न्हाई, अन् मोबाइल मातर दोन दोन."

लिंबू तुम्ही खाली पडू दिलंत तर सुटका नाही. ते उचलून पुन्हा फेकतात. नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांवर, ते चिडून झेलेपर्यंत, अप्पा फेकत राहिले होते. साहेबांनी पणजोबांचं नाव मात्र खडाखडा सांगितलं, म्हणून अप्पांनी त्यांना चहा पाजला.

आमच्या भागात लिंबू ही साधी चीज नाही. वाटेत पडलेलं लिंबू दिसलं की शिकलेली माणसंही गाडी बाजूनं काढतात. पोर तापलं की डॉक्टरच्या आधी भानामतीचा संशय. अशा मुलखात अप्पांनी हा उद्योग मांडलेला. एका घरानं तर उघडच आरोप केला की, आमची म्हैस आटली ती नागनाथअप्पाच्या लिंबामुळं.

मी अप्पांकडे पहिल्यांदा गेले ती या म्हशीच्या निमित्तानं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं छापली आणि वाटली. आमच्या घरात गादीखाली पत्रकं, फळीवर पत्रकं. बाराखडी मी त्यांच्याच कोऱ्या बाजूवर गिरवली. तेव्हा भानामतीविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून मी तावातावानं अप्पांच्या ओसरीपुढे उभी राहिले. तोंड उघडायच्या आत लिंबू आलं. मी उजव्या हातानं झेललं.

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांचा उत्साह जरा उतरल्यासारखा वाटला. "नाव काय?"

"मीरा शांताबाई."

"शांताबाई कोन?"

"आई. मी बापाचं नाव लावत नाही. आडनावही लावत नाही. आडनावावरून जात कळते."

अप्पांनी कपाळाला हात लावला. "आता ह्या पोरीला उद्या कुनी हुडकावं कसं?"

पत्रक त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचलं, सगळं पटलं म्हणाले आणि घडी करून लिंबाच्याच खिशात ठेवलं.

आमच्याकडे, मराठी-कानडी-तेलुगूच्या सीमेवर, नावांचा प्रकार काय आहे, ते इथं सांगायला हवं. पुण्याकडच्या माणसाला वाटतं, आडनाव म्हणजे घराचा खांब. आमच्याकडे ते घरातल्या पाहुण्यासारखं असतं. एका पिढीपुरतं थांबतं आणि जातं. सरकारी कागदावर माणसाचं नाव, मग 'तंदे', म्हणजे कानडीत बाप, आणि मग बापाचं नाव. अप्पा नागनाथ तंदे तुकाराम. त्यांचे वडील तुकाराम तंदे सटवाजी. अप्पांच्या मुलाचं नाव दिलीप नागनाथ, त्यामुळे गावात सगळे त्याला 'नागनाथ' म्हणूनच हाक मारायचे आणि बाप-लेक दोघंही ओ द्यायचे. नातू पुण्यात नोकरीला लागला. तिथल्या अर्जात आडनावाची चौकट रिकामी ठेवता येईना, म्हणून त्यानं 'औरादकर' लिहून टाकलं. एकाच चुलीवर जेवलेली माणसं, पण कागदावर कुणाचा कुणाला पत्ता नाही.

"बापाचं नाव पोराला, पोराचं नातवाला," अप्पा समजावतात. "दोन पिढ्यांत आजा पुसला गेला बग. मंग माग काढायचा तर धागा एकच. पणजा इचारायचा."

हा धागा घेऊन अप्पा कुठं कुठं जातात याला मर्यादा नाही. लग्नात नवरदेव पारावर बसला की त्याच्यावर लिंबू. बसच्या कंडक्टरवर लिंबू, त्यानं तिकिटाचं यंत्र धरलेल्या हातानंच ते परतवलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "असं न्हाई चालत. हात रिकामा कर, मंग झेल." सगळी बस खोळंबली. शेवटी मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, झेल की बाबा एकदाचं. मला दवाखान्यात जायाचंय."

एकदा मी त्यांना वाचलेलं सांगितलं. वेल्स नावाचा एक मुलूख आहे, फार लांब, इंग्लंडच्या शेजारी. तिथंही पूर्वी असंच होतं. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव. पिढी बदलली की तेही बदललं. आता तिथल्या लोकांची नातवंडं-पतवंडं जगभरातून येतात आणि चर्चमधली जुनी दफ्तरं चाळत बसतात.

अप्पांनी लिंबू खिशातून काढलं. मग म्हणाले, "मंजी तिथलीबी मानसं आपल्यासारखीच हरवतेत."

"हो."

"गावतेत का?"

"काही सापडतात."

"सगळी न्हाई," ते म्हणाले, आणि लिंबू उगाच या हातातून त्या हातात करत राहिले.

आमचं भांडण झालं ते पुढे. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही बाप विचारता, आजा विचारता, पणजा विचारता. आजीचं नाव का विचारत नाही? पणजी काय आभाळातून पडली होती?"

"बायांच्या नावाला बूड नसतंय," अप्पा म्हणाले. "त्येनं रस्ता लागत न्हाई."

मला जे बोलायचं होतं ते सगळं मी बोलले. वंशावळ म्हणजे पुरुषांनी पुरुषांना दिलेली पावती, हे वाक्यही बोलले. मला वाटलं, अप्पा चिडतील. ते एवढंच म्हणाले, "तुजं खरं हाय. पन रस्ता लागत न्हाई." मी तणतणत घरी आले आणि कितीतरी दिवस बसस्टँडच्या मागच्या गल्लीनं जात राहिले.

पुढे हुमनाबादला छापखान्यात माझं काम निघालं. बसमध्ये चढले तर अप्पा बसलेले, शेजारची जागा धरून, जणू माझ्यासाठीच. ते अधूनमधून हुमनाबादला जातात हे मला माहीत होतं. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावरचा नाका. मुलूखभरचे लॉरीवाले तिथं जेवायला उतरतात. अप्पांच्या दृष्टीनं ते पणज्यांचं भांडारच.

माझं काम लवकर उरकलं आणि मी त्यांना शोधत धाब्यावर गेले. धाब्याचा मालक वैतागून म्हणाला, "तुमच्याच गावचे ना हे? घेऊन जावा बाई. गिऱ्हाईक जेवावं का झेलावं?"

तेवढ्यात अप्पांनी नुकत्याच उतरलेल्या एका तरुण ड्रायव्हरवर लिंबू फेकलं. त्यानं न बघता, सहज, डाव्या हातानं झेललं.

अप्पांनी लिंबू परत मागितलं नाही. ते त्या पोराच्या अगदी जवळ गेले आणि त्याचा डावा हात बघत राहिले. शेवटी म्हणाले, "डावा हाय का तू?"

"व्हय तात्या," तो हसला. तेलंगणातला होता, पण मराठी बोलत होता. "कामून?"

"घरात आनखी कोन डावं हाय?"

"कुनीच न्हाई. मीच एकटा खुळा."

"बापाचं नाव?"

"मल्लेश."

"त्याच्या बापाचं?"

"नरसिंहलू."

अप्पा आणखी एक पाऊल पुढं सरकले. "नरसिंहलू का नरसू?"

"लोक नरसू म्हनायचे म्हनं. मी बघितलाच न्हाई त्याला."

"अन् त्याची बायकू? तुजी आज्जी?" अप्पांनी विचारलं. मी चमकले. माझ्यासमोर पहिल्यांदा ते कुणाच्या आजीविषयी विचारत होते. "ती भाकर कुठल्या हातानं थापायची?"

पोरगा गोंधळला. "आज्जी हाय की. भाकर उजव्याच हातानं थापती. काल बी तिच्याच हातची खाऊन निघालाव."

"म्हायेर कुठलं तिचं?"

"वारंगलकडचं. तिचा भाऊ तिकडंच शाळंत मास्तर हाय."

अप्पा हळूहळू खाटेवर बसले. ड्रायव्हर जेवला, लिंबू वरणात पिळून घेतलं, अप्पांच्या पाया पडून निघून गेला. लॉरी वळणाआड जाईपर्यंत अप्पा तिकडंच बघत होते.

परतीची बस यायला वेळ होता. नाक्यावरच्या बाकावर मी विचारलं, "अप्पा, कोण होती?"

"ठकू. माजी मोठी भैन." ते रस्त्याकडे बघतच बोलले. "आमच्या मळ्यात लिंबाचं झाड होतं. मी वर चढायचो, लिंबं टाकायचो. ती डाव्या हातानं झेलायची, येक बी खाली पडू द्यायची न्हाई. आई डाव्या हातावर उलथनं मारायची. सासरी काय म्हनतील म्हनून. आई शेतात गेली की ठकू डाव्या हातानं भाकर थापायची. लई पातळ व्हायची. मला खाऊ घालायची अन् म्हनायची, कुनाला सांगू नको."

ठकूचं लग्न झालं तेव्हा अप्पा चड्डीतले होते. नवरा नरसू; धरणाच्या कामावर बायकोला घेऊन तेलंगणात गेला. नरसूच्या बापाचं नाव लहानग्या अप्पांनी कधी ऐकलं नव्हतं. लग्नातच ठकूचं नाव बदललं होतं, आपल्यात बदलतात तसं. तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते नाव काय होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही.

"तिच्या नावानं रस्ता लागत न्हाई, म्हनलं ना तुला," अप्पा म्हणाले. "जुनं तिकडं कुनाला ठावं न्हाई, नवं मला ठावं न्हाई. नवऱ्याचं नाव तेवढं हातात. त्ये आता कुना नातवाच्या मागं आसंल, न्हाई तर पनतवाच्या. त्येबी पुसायलंय."

"मग सरळ का सांगत नाही, बहिणीला शोधतोय म्हणून?"

"भनीला हुडकायलोय म्हनलं की लोक हसतेत. म्हनतेत, म्हातारा भ्रमला. खानदान हुडकायलोय म्हनलं की खुर्ची देतेत." मग ते म्हणाले, "अन् डाव्या हाताचं कुनाला सांगू नको म्हनली होती."

बस आली. अप्पांचा खिसा रिकामा होता. चढायच्या आधी मी भाजीच्या गाड्यावरून एक लिंबू घेतलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दाबून पाहिलं आणि खिशात टाकलं.

आठवड्याच्या बाजारी औरादच्या स्टँडवर मी समोरून आले. अप्पांनी नेहमीप्रमाणे नेम धरला. मी डावा हात पुढं केला. लिंबू बोटांना लागून खाली पडलं आणि घरंगळत पानटपरीखाली गेलं.

अप्पा वाकून, गुडघे टेकून, ते हुडकून घेऊन आले. सोग्याला पुसलं.

"लबाडी करू नको," ते म्हणाले. "उजवीच हाईस तू."

त्यांनी बाकावर सरकून जागा केली. समोर बस लागली होती, तिच्यातून नवी माणसं उतरत होती. अप्पांचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तुज्या आज्जीचं नाव काय गं?" त्यांनी विचारलं. "म्हायेरचं सांग."

मी सांगितलं. अप्पांनी ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं, मग पुन्हा एकदा, आणि लिंबू काढून बसच्या दिशेनं निघाले.