तेल जरा जास्त झालं

"मशीन कुरकुरतंय," वहिनी म्हणाल्या, आणि तिथेच चुकलं. म्हणाल्या होत्या त्या स्वतःशीच, पण त्या घरात स्वतःशी बोलायची सोय नव्हती. आतल्या खोलीत आरशासमोर उभे असलेले त्यांचे यजमान कंगवा तसाच केसांत ठेवून दारात हजर झाले.

"तेल घातलंस का?"

यजमानांना सगळी आळी 'सल्लागार' म्हणायची. पाणीखात्यात नोकरी करून मुदतीआधीच निवृत्त झालेला हा गृहस्थ दाताच्या डॉक्टरला कुठला दात काढावा ते सांगे आणि न्हाव्याला वस्तरा कसा धरावा ते. लोकांनी ते नाव चेष्टेने ठेवलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

"सकाळीच घातलंय. दोन थेंब," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तयारी करा. संध्याकाळी भाषण आहे ना तुमचं?"

"तयारी झालीय. कोटसुद्धा घातलाय, बघ."

तो करड्या चौकड्यांचा कोट कोणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. घरातल्या प्रत्येक फोटोत सल्लागारांचे केस विरळ होत गेले होते, कोट मात्र तसाच होता.

वहिनी चामड्याच्या पिशव्या शिवत. त्या काळी बायका घरी बसून झबली-टोपडी शिवत, फार तर पडदे. चामडं कोणी घरात घेत नसे. वहिनींनी पुढची खोलीच त्याला देऊन टाकली होती. भिंतीला एक जडशीळ काळं मशीन, शेजारच्या फळीवर चामडं कापायची रापी, भोकं पाडायच्या आऱ्या, दोऱ्याला लावायचं मेण, आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. चामड्याला टाचणी लावून चालत नाही, म्हणून चिमटे. खोलीला कमावलेल्या कातड्याचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा मिळून एक वास होता. पाहुणे दारातच नाक मुरडत आणि जाताना हळूच विचारत, "माझ्यासाठी एक कराल?"

एक व्यक्ती मात्र त्या खोलीत कधीच आली नव्हती. वन्सं. सल्लागारांची थोरली बहीण, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. कौतुक करणं हा वन्संचा प्रांत नव्हता. वहिनी सून म्हणून घरात आल्या त्याला एवढी वर्षं झाली, त्यात वन्संच्या तोंडून "आज मीठ बरं पडलंय" एवढंच एकदा निघालं होतं. पिशव्यांबद्दल तर त्या नुसतं "चामड्याचं का? बरं," म्हणून विषय बदलत.

आणि आज वन्सं निवृत्त होत होत्या. शाळेतल्या शिक्षिकांनी त्यांना भेट द्यायची ठरवली ती चामड्याची पिशवी, आणि काम आलं होतं थेट वहिनींकडे. वहिनींनी जपून ठेवलेलं सगळ्यात चांगलं कातडं काढलं, मधासारख्या रंगाचं. सगळी पिशवी शिवून झाली होती. राहिली होती ती झाकण जोडायची एक शिवण. ती नजरेसमोर राहणारी शिवण, आणि वन्संची नजर पेपर तपासून तयार झालेली. आज एखादा टाका वाकडा गेला असता, तर तो वहिनींना जन्मभर ऐकावा लागला असता. नव्हे, ऐकावा लागला नसता, तेच जास्त भीतीचं होतं. वन्सं त्या टाक्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाल्या असत्या.

वहिनी दोऱ्याचं नवं रीळ आणायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा सल्लागार तेलाची कुपी खाली ठेवत होते.

"आता बघ कसं लोण्यासारखं चालतं."

"अहो, किती घातलंत?"

"वरच्या भोकात, खालच्या भोकात, आणि ते दात आहेत ना खाली, त्यांच्यावरही. सगळ्यात जास्त घासतात ते तेच बिचारे."

वहिनींनी कपाळावर हात मारला. सुईखालचे ते दातच चामडं धरून पुढे ढकलतात. त्यांना तेल पाजणं म्हणजे कुस्तीच्या आधी पैलवानाच्या तळपायाला लोणी लावणं. त्यांनी पुसपुस पुसलं आणि एका तुकड्यावर शिवून पाहिलं. कुरकुर थांबली होती खरी. पण तुकडा जागचा हलेना. सगळे टाके एकावर एक चढून तिथेच त्यांचा गड्डा झाला.

"दोऱ्याचा ताण वाढव," सल्लागार म्हणाले.

"ताण दोऱ्याला नाही, मला आहे."

"मग सुई बदल."

"सुई नवी आहे. चामड्याचीच आहे, धारेची. तुम्ही एक करा, गप्प बसा."

"मी गप्पच आहे. फक्त एवढंच म्हणतो, की घसरतंय तर खाली काहीतरी धरायला पाहिजे."

गंमत अशी, की हे मात्र बरोबर होतं. चामडं घसरलं तर त्याच्याखाली पातळ कागद घालतात आणि शिवून झाल्यावर फाडून काढतात. वहिनींनी कागद शोधला. घरातला सगळा पातळ कागद सल्लागारांनी आदल्या दिवशी भाषणाच्या सरावात चुरगळून टाकला होता. हाती लागलं ते एक वर्तमानपत्र. त्याची शाई मधाच्या रंगावर उतरली असती.

"कागदाशिवायच शिवून बघते, दुसरा इलाज नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही इकडे स्टुलावर बसा. पिशवी जड आहे, तिचं ओझं सुईवर यायला नको. नुसती मांडीवर धरा. ओढायची नाही, ढकलायची नाही, बोलायचं नाही."

सल्लागार मशीनला पोट टेकवून बसले. पिशवी मांडीवर, तिचं उघडं तोंड वर. वहिनींनी तोंडाची कड झाकणासकट सुईखाली घेतली, श्वास रोखला आणि पाय मारला.

आणि काय सांगावं! चामडं असं सरकलं, जसं काही त्याला कुठेतरी जायची घाई होती. टाके एकामागे एक पडत गेले, सारख्या अंतराचे, दाणे ओवल्यासारखे. वहिनींचा चेहरा उजळला.

"ओढ लागतेय गं," सल्लागार म्हणाले.

"लागू दे. हलू नका."

"मलाच लागतेय."

"बोलायचं नाही म्हटलं ना!"

शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वहिनींनी दोरा तोडला, गाठ मारली, आणि झाकणावरून बोट फिरवलं. इतकी सरळ शिवण त्यांच्या हातून आजवर पडली नव्हती. "उठा आता," त्या प्रेमाने म्हणाल्या.

सल्लागार उठले. पिशवीही उठली.

दोघेही क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. कोटाचा उजवा पदर पिशवीच्या उघड्या तोंडातून खिशासकट आत उतरला होता, आणि त्याच्यावरून ती देखणी शिवण गेली होती. दातांवरचं सगळं तेल कोटाने पिऊन टाकलं होतं. म्हणून तर मशीन लोण्यासारखं चाललं होतं.

"मी म्हटलं नव्हतं, खाली काहीतरी पाहिजे?" सल्लागार म्हणाले. मग त्यांना काय झालंय ते समजलं. "अगं! उसव लवकर!"

"उसवू? कापड उसवलं तर धुतल्यावर भोकं बुजतात. चामड्याला पडलेलं भोक जन्माचं. परत त्याच ओळीत शिवलं, तर पोस्टाच्या तिकिटासारखं टर्रकन फाटेल."

"मग?"

वहिनींनी रापी उचलली.

"कोट?" सल्लागार दोन पावलं मागे सरकले. पिशवीही सरकली. "कोट कापणार? या कोटावर आपलं लग्न ठरलंय!"

"लग्न माझ्यावर ठरलंय. कोट काढा."

"काढणार नाही. भाषण काय बनियनवर करू?"

दारावरची कडी वाजली. संगीत शिकवणाऱ्या बाई होत्या. शाळेतर्फे पिशवी न्यायला आलेल्या, हातात रंगीत कागद आणि रिबीन. वहिनींनी रापी पाठीमागे लपवली. सल्लागार मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली.

"अय्या, किती सुंदर!" बाई म्हणाल्या. "बघू."

"बघा की," सल्लागार म्हणाले. "तिथूनच बघा."

"जरा हातात घेऊन..."

"सोल्यूशन ओलं आहे," वहिनी घाईने म्हणाल्या. "कोणीतरी असं दाबून धरायला लागतं."

"पोटाने?"

"ऊब लागते," सल्लागार म्हणाले. "अंगाची ऊब. मीच सुचवलं."

बाई अदबीने थांबल्या. भिंतीवरच्या फोटोंकडे बघून झालं, चिमट्यांकडे बघून झालं. सल्लागार अंडी उबवत बसल्यासारखे निश्चल बसले होते.

"मग कागदात कधी गुंडाळायची?" शेवटी बाईंनी विचारलं.

"मीच गुंडाळून आणतो. तुम्ही व्हा पुढे. कागद ठेवा."

"पण तुम्ही भाषणाला येणार ना?"

"आम्ही दोघंही येतो," सल्लागार म्हणाले, आणि त्यांचा हात नकळत पिशवीवर थोपटला गेला.

बाई वळून वळून बघत गेल्या. दार लागलं तसे सल्लागार उभे राहिले. त्यांनी एका बाहीतून हात काढला, मग दुसऱ्या.

"काप," ते म्हणाले. "ताईचं काम आहे. पण मला बघवणार नाही." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

वहिनींनी आधी शिवणीच्या वर कोट कापला, मग आतला तुकडा खिशाच्या भोवतीने कातरला, कडा आत दुमडून हाताने टाचल्या. पिशवीच्या आत चौकड्यांचा एक खिसा तयार झाला, कोटाच्या खिशाला असतं त्या छोट्या झाकणासकट. बाहेरून शिवण तशीच, सरळ. वाईट दिसत नव्हतं. पण वन्संच्या नजरेला ते काय दिसेल? त्यांनी कडा पुन्हा एकदा बोटाने दाबून बघितल्या.

शाळेचं सभागृह भरलं होतं. सल्लागारांनी तोच कापलेला कोट घालून सगळं भाषण टेबलाच्या मागे, उजवा हात पोटावर धरून केलं. लोकांना वाटलं, बहिणीच्या निरोपाने ह्यांच्या पोटात कालवतंय. मागच्या रांगेत दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग वन्संनी भेट उघडली. झाकणावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. वहिनींच्या हातातला रुमाल पिळला गेला. वन्संनी झाकण उघडलं, आत बघितलं, आणि त्या थांबल्या. चौकड्यांच्या खिशात हात घातला आणि खोकल्याच्या गोळ्यांची पुडी बाहेर काढली. पुडीत एकदा डोकावल्या. मग टेबलामागे पोटावर हात धरून उभ्या असलेल्या भावाकडे एकदा बघितलं.

मग त्या माईककडे वळल्या.

"आयुष्यभर वर्गात बोलून माझा घसा गेला," वन्सं माईकवर म्हणाल्या. "आणि माझ्या भावाने आपला आवडता कोट कापून त्याचा खिसा मला दिलाय. वर घशाला गोळ्या. अशी कल्पना कोणाला सुचली असती?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सल्लागारांनी टाळ्या संपेपर्यंत विचार केला आणि मान तुकवून त्या स्वीकारल्या. घरी जाताना ते वहिनींना म्हणाले, "सुचतं एकेक माणसाला." पिशवीवर, शिवणीवर, शिवणाऱ्या हातांवर कोणी एक अक्षर बोललं नव्हतं. "बरं"सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्लागार उरलेला कोट घेऊन शिंप्याकडे गेले, त्याला सल्ला द्यायला. वहिनी मशीनचे दात पुसत होत्या. दारात सावली पडली. वन्सं होत्या, खांद्याला मधाच्या रंगाची पिशवी.

त्या आत आल्या. चिमटे बघितले, मेण बघितलं, रापीची धार अंगठ्यावर घासून बघितली. मग स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, "खरं सांग. किती वेळ अडकला होता?"

वहिनींच्या हातातलं फडकं खाली पडलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, त्या पुडीतली एक गोळी अर्धी चोखलेली होती. भेट म्हणून इतकं कोणी देत नाही. आणि तो पाळण्यात असल्यापासून मी त्याला ओळखते. जिथे काम चालू असतं, तिथे तो अंगाने शिरतो."

"मग तिथे त्यांचं कौतुक..."

"फाटका कोट घालून चारचौघांत उभा होता बिचारा. काहीतरी हातावर ठेवायला नको त्याच्या?" वन्संनी पिशवी मांडीवर घेतली आणि झाकण उचलून त्या शिवणीवर पुन्हा बोट फिरवलं. "रात्रभर शोधतेय. एक टाका वाकडा सापडेल तर शपथ. इतकी वर्षं पेपर तपासले, लाल शाईला काही जागाच नाही असा हा पहिला."

वहिनींनी खाली पडलेलं फडकं उचललं. मग त्या म्हणाल्या, "संगीताच्या बाई आल्या तेव्हा पण अडकलेलेच होते. ऊब देतोय म्हणाले."

वन्संनी तोंडाला पदर लावला. मग तो सोडून दिला आणि त्या मोठ्याने हसल्या, इतक्या, की वहिनींनाही आवरेना. एक थांबली की दुसरी "ऊब!" म्हणे आणि पुन्हा सुरू.

सल्लागार शिंप्याकडून परतले ते हे ऐकतच. दारात उभं राहून त्यांनी दोघींकडे समाधानाने बघितलं.

"माझ्या कल्पनेचंच चाललंय वाटतं?"

"तुझंच रे," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "ये, बैस. इथे नको, मशीनपासून जरा लांब बैस."