वामन मास्तरांच्या दुरुस्त्या

वामन मास्तरांना अर्धविराम आवडत नसत. कॉम्प्युटर प्रोग्रामच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो आणि तो नसला तर प्रोग्राम चालत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "माशी बसान गेल्यासारख्या दिसता रे. नजरेक खुपता." मग घरी जाऊन सगळे अर्धविराम पुसत आणि मला मेल करत. विषय: 'दुरुस्ती'.

मास्तर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि माझ्या नशिबी आले. मालवणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. फावल्या वेळात मी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. म्हणजे कोणीही तो फुकट घ्यावा, आतला कोड वाचावा, सुधारावा, आणि सुधारणा मला पाठवावी. मी तपासून ती घेणार किंवा नाकारणार. पोर्तुगालातला पेद्रो नावाचा एक भला माणूस यात माझा जोडीदार होता. आम्ही दोघं मिळून महिन्यात जेवढं लिहायचो, त्याहून जास्त मास्तर आठवड्यात बिघडवून पाठवायचे.

त्यांना प्रोग्रामिंग येत नव्हतं असं नाही. थोडं येत होतं, आणि तेच जास्त वाईट. कोड ते चित्रासारखा बघत. एखादी ओळ फार लांब गेली की कापत. एका बाजूला मजकूर जास्त झाला की तोल साधायला दुसऱ्या बाजूला काहीतरी घालत. एकदा पन्नास ओळींचा हिशेब त्यांनी गोपुरासारखा रचून पाठवला. दिसायला सुरेख होता. चालत नव्हता.

"मास्तर, पाठवण्याआधी एकदा चालवून तरी बघा," मी म्हणायचो.

"चलवूचा काम तुजा. माजा काम रेषेचा."

मी नियमावली लिहिली. एका वेळी एकच बदल करावा, का केला ते लिहावं, वगैरे. मास्तरांनी नियमावलीलाच वेलबुट्टी काढून पाठवली. दुसरा कोणी असता तर मी सरळ दार बंद केलं असतं. पण ज्यांनी हाताला धरून केळ्याचा घड काढायला शिकवलं, त्यांना 'नाकारले' असं लिहिताना बोट अडखळायचं. तरी लिहायचो. दुसऱ्या दिवशी नवी दुरुस्ती हजर. प्रोग्राममधल्या खाडीच्या चित्रात होडी, धक्का, धक्क्यावर बगळा. आमचं चित्र साधं होतं, पाणी दाखवणारा एक निळा पट्टा. मास्तरांची होडी त्यात घातली की पट्टाच गायब व्हायचा.

एकदा मी लग्नासाठी सावंतवाडीला गेलो होतो. मागे दुरुस्त्या पेद्रो बघत होता, तेव्हा मास्तरांची एक आली. नेहमीपेक्षा नीटनेटकी होती, म्हणून वैतागलेल्या पेद्रोने ती न तपासता घेतली. मास्तरांनी आकड्यांचे रकाने सरळ केले होते. त्यासाठी काही आकड्यांपुढची उणे चिन्हं काढून टाकली होती, त्यामुळे उतरलेलं पाणी चढलेलं दिसू लागलं.

माझा चुलतभाऊ दत्तू प्रोग्राम बघूनच समुद्रावर जायचा. पाणी आहे असं समजून तो परत आला आणि खाडीच्या तोंडाशी त्याची होडी वाळूत रुतली. माणसं सुखरूप होती. पण पुढच्या भरतीपर्यंत बर्फ वितळला आणि मासळी फुकट गेली. दत्तू दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आज वाऱ्यान हात दिलो, म्हणान वाचलंव. तुज्या यंत्रार भरवसो ठेवचो की नाय, ता एकदा सांग."

मी चुकीचा बदल मागे घेतला आणि तडक मास्तरांच्या घरी गेलो. आज स्पष्ट सांगायचं, हे ठरवूनच.

मास्तर नेहमी दुकानातच येत, त्यामुळे त्यांच्या घरी मी बऱ्याच वर्षांनी जात होतो. त्यांची बायको, आमच्या काकी, अंथरुणाला खिळल्या आहेत, एवढं माहीत होतं. कॉम्प्युटर त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी होता आणि पडदा खाटेकडे वळवलेला होता. पडद्यावर आमचाच प्रोग्राम चालू होता, पण मला ओळखता येईना. धक्का, बगळा, माड, आणि वर-खाली होणाऱ्या पाण्यावर एक होडी. मी नाकारलेलं सगळं तिथे होतं. स्वतःच्या प्रतीत हवा तो बदल करायची मुभा होतीच, आणि घरच्या प्रतीत मास्तरांनी तो चालेपर्यंत सोडला नव्हता.

काकी देवबागच्या. खाडी बघत वाढलेल्या.

मी दत्तूचं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला. मला बाहेर पडवीत नेऊन ते म्हणाले, "माका खरोच कळाक नाय रे. दत्तूक मी स्वतः जावन सांगतंय."

"चित्र घरी चालतंय, मग मला पाठवता कशाला?"

मास्तर म्हणाले, "होडी तिच्या बापाशीची. ती इचारता, ही लोकांक पण दिसता मां? मी हो म्हणान सांगलंय."

पुढचे काही दिवस मी पेद्रोच्या मदतीने चित्रं हिशेबापासून वेगळी केली. मास्तरांना बजावलं, चित्राचा कप्पा तुमचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. होडी घेतली. पेद्रोने त्याच्या पडद्याचा फोटो पाठवला, तो मी छापून काकींना दाखवायला नेला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग मास्तरांना म्हणाल्या, "होडी रिकामीच आसा. बापूस खंय?"

"उद्या बसवतंय," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेल आला. होडीत वल्हं धरलेला एक म्हातारा होता, डोक्याला लाल रुमाल. आणि तोल साधावा म्हणून मास्तरांनी वर्षाचे बारा महिने नावांच्या लांबीप्रमाणे लावले होते.

मी महिने परत जागेवर लावले. म्हातारा होडीत राहू दिला.